हायब्रिड विकून इलेक्ट्रिक घ्यायची? आधी पार्किंगमध्ये उतरा

इलेक्ट्रिक गाडीने किती पैसे वाचतात याचे जे हिशेब सगळीकडे फिरतात, ते बहुतेक लिटरला बारा-तेरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीशी तुलना करून मांडलेले असतात. ग्रँड व्हिटारा, हायरायडर किंवा सिटीची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणारी गाडी) चालवणाऱ्याच्या ते कामाचे नाहीत. तुमची गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्येही वीसच्या आसपास देते, सिग्नलला इंजिन बंद ठेवते आणि ब्रेक दाबला की बॅटरी भरून घेते. तुमचा हिशेब वेगळाच मांडावा लागणार. खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिलीलाच अडकलात तर पुढच्यांची गरज नाही.

पायरी १ : रात्री गाडी जिथे उभी राहते, तिथे वीज येईल का?

बंगला असेल तर हा अर्ध्या दिवसाचा प्रश्न आहे. सोसायटी असेल तर मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल, हे इलेक्ट्रिशियनला घेऊन प्रत्यक्ष पाहा. मग कमिटीला लेखी अर्ज द्या आणि परवानगीही लेखीच घ्या. ‘बघू, होऊन जाईल’ या सेक्रेटरींच्या शब्दावर गाडी बुक करू नका.

भिंतीवरचा मोठा चार्जर नसला तरी चालतं. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून ताशी तीनेक युनिट मिळतात. रात्रीच्या दहा तासांत ३० युनिट, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. रोजच्या ऑफिसला हे भरपूर झालं. अर्थिंग मात्र नीट हवं. ते खराब असेल तर चार्जर चार्जिंग सुरूच करत नाही, आणि जुन्या इमारतींत हे हमखास आडवं येतं.

मीटर कोणता वापरणार हेही आताच ठरवा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे साधारण १६५ युनिट. घरचा वापर २०० असेल तर बिल थेट ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात जातं. २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. ती घ्याच.

वीज येणार नसेल, तर माझं मत सरळ आहे : हायब्रिड ठेवा. दर दोन-चार दिवसांनी सार्वजनिक चार्जर शोधत फिरायला इलेक्ट्रिक घेण्यात अर्थ नाही.

पायरी २ : किलोमीटरचा भाव काढा

पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज २१ धरलं, तर हायब्रिडला किलोमीटरमागे ५ रुपये पडतात. कंपनीचा आकडा घेऊ नका. टाकी फुल करून स्वतःचं ॲव्हरेज काढा. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सहा किलोमीटर देते असं समजा. वीज १२ रुपयांची असेल तर २ रुपये, वरच्या टप्प्यातली १८ ची असेल तर ३ रुपये. फास्ट चार्जरवर युनिट २० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ४ रुपये.

वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे घरच्या स्वस्त विजेवर ३० हजार वाचतात, फास्ट चार्जरवर जेमतेम १० हजार.

मुंबई-पुणे नेहमी करणाऱ्यांचं गणित टोलमुळे बदलतं. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. २०२३ च्या वाढीनंतर द्रुतगती मार्गावर कारला एका बाजूचे ३२० रुपये लागतात. दर आठवड्याला जाऊन-येऊन करणाऱ्याचे टोलचेच वर्षाला तीसेक हजार होतात. फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, एवढं बघत राहा.

पायरी ३ : वरचे पैसे किती वर्षांत फिटतील?

समजा हायब्रिडचे बारा लाख आले आणि नवी इलेक्ट्रिक ऑन-रोड अठराला पडली. वरचे सहा लाख, बचत वर्षाला ३० हजार. वीस वर्षं! म्हणून तीन वर्षांची धडधाकट हायब्रिड केवळ पैसे वाचवायला विकणं मला पटत नाही. ती सात-आठ वर्षांची झाली असेल, बॅटरीची वॉरंटी संपत आली असेल आणि गाडी तशीही बदलायचीच असेल, तर इलेक्ट्रिकचा विचार जरूर करा. कर्जाच्या व्याजावरची आयकराच्या ८०ईईबी कलमातली सवलत हिशेबात धरू नका. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती.

पायरी ४ : गावाचा रस्ता नकाशावर काढा

जाहिरातीतली रेंज बाजूला ठेवा. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ युनिटच्या बॅटरीला चाचणीत ४८९ किलोमीटर मिळाले, पण टाटा स्वतःच प्रत्यक्षातला अंदाज ३५० ते ३७५ देते. समृद्धीवर १२० ने पळवलीत तर तेवढीही मिळणार नाही. घाट चढताना टक्के भराभर उतरतात, उतारावर थोडे परत येतात.

चार्जर शोधताना एकच गन (गाडीला लावायचा प्लग) असलेला जमेत धरू नका. शेवटचं चार्जिंग तिथे कधी झालं हे ॲपवर बघा. कोकणात घर असेल तर गणपतीच्या आदल्या दिवशीची रांग डोळ्यांसमोर आणा, आणि गावच्या घरी रात्रभर वीज टिकते का तेही विचारा. घरात दुसरी पेट्रोल गाडी असेल तर ही पायरी सोडून द्या.

पायरी ५ : शनिवार-रविवार भाड्याने चालवा

शोरूमची पंधरा मिनिटांची चक्कर पुरत नाही. सेल्फ-ड्राइव्हवाल्याकडून तीच किंवा त्याच वर्गातली इलेक्ट्रिक घ्या, सगळं कुटुंब आणि सामान भरा, एसी लावा आणि नेहमीच्या लांबच्या रस्त्याने जा. निघताना आणि पोहोचल्यावर बॅटरीचे टक्के लिहून ठेवा. आईवडिलांना मागच्या सीटवर बसवा. बॅटरी तळाला असल्याने काही गाड्यांत मागे पाय ठेवायची जागा उंच होते, गुडघे वर येतात आणि मांडीला आधार मिळत नाही. तीन तासांनी त्यांनाच विचारा.