जवाच्या अर्ध्या दाण्याचा प्रयोग: या चुका टाळा

जवाचा दाणा आडवा कापून, भ्रूण नसलेला अर्धा भाग जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकासह स्टार्च-अगारवर (स्टार्च मिसळलेल्या जेलीवर) ठेवायचा आणि दोन दिवसांनी आयोडीन ओतून निळ्या-काळ्या थरातले स्वच्छ वलय पाहायचे, हा प्रयोग दिसतो सोपा. पुण्यातील प्रयोगशाळांत तो फसला की दोष संप्रेरकाच्या बाटलीवर ढकलला जातो. माझ्या अनुभवात बहुतेकदा चूक दाण्यातच सापडते. मंडईतून आणलेला पांढरा, गुळगुळीत जव सूपला उत्तम असला, तरी पॉलिश करताना त्याचा अल्युरोन थर (सालाखालचा जिवंत पेशींचा थर) निघून गेलेला असतो आणि स्टार्च पचवून वलय पाडणारे विकर, म्हणजे अल्फा-अमायलेज, तयार करणारा थर तोच आहे. पूजासाहित्याच्या दुकानातला सालासकट जव घ्यावा, पण आधी वीस दाणे रुजवून पाहावेत.

दुसरी चूक तर्कशुद्ध वाटते म्हणूनच टिकून आहे: अमायलेज हे प्रथिन, म्हणून नत्र द्यायला हवे, असे समजून विद्यार्थी द्रावणात युरिया घालतात. वास्तविक फिल्नर आणि वार्नर या संशोधकांनी 1967 मध्ये जड ऑक्सिजनयुक्त पाणी वापरून दाखवले की हे विकर नव्याने घडते आणि त्यासाठी लागणारी अमिनो आम्ले अल्युरोनमधल्याच साठवणीच्या प्रथिनांच्या विघटनातून येतात. बाहेरचा युरिया मात्र युरिएज या विकरामुळे फुटून अमोनिया देतो, आणि त्याने ऊती होरपळते.

नायट्रेटचे प्रकरण वेगळे आहे. बीजपरीक्षणात सुप्त (जिवंत असूनही न रुजणाऱ्या) दाण्यांखालचा कागद 0.2 टक्के पोटॅशियम नायट्रेटने भिजवतात, पण ते खत म्हणून नव्हे. नायट्रेट येथे सुप्तावस्था मोडणारा संकेत असतो आणि सुप्तता टिकवणाऱ्या अब्सिसिक आम्लाचा जोर त्याने ओसरतो. अर्ध्या दाण्याला त्याची गरज नाही. नुकत्या काढणीचा जव मे महिन्याच्या उकाड्यात रुजत नसेल, तर औषधे शोधण्यापूर्वी तो 20 अंश सेल्सिअसला ठेवून पाहावा, कारण ताज्या दाण्याची सुप्तता उष्णतेने अधिक घट्ट होते.

जिबरेलिक आम्ल (प्रयोगात वापरायचे जिबरेलिन) थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावे, ऑटोक्लेव्ह करू नये (दाबाच्या वाफेत तापवू नये), आणि तेवढेच अल्कोहोल नियंत्रण बशीतही, म्हणजे तुलनेसाठीच्या संप्रेरकाविना बशीतही, घालावे. कॅल्शियम क्लोराइड विसरू नये, कारण कॅल्शियमविना हे विकर टिकत नाही.

आणि नियंत्रण बशीतही वलय उमटले, तर आनंदू नये: कापलेली कड चिमट्याने उचलून पाहावी, ती बुळबुळीत लागली तर स्टार्च जिवाणूंनी खाल्लेला असतो, आणि दाणे हायपोक्लोराइटने नीट निर्जंतुक करून प्रयोग पुन्हा मांडावा लागतो.