जुनी जपानी स्पोर्ट्स कार रोज चालवण्याजोगी कशी करावी

निसान स्कायलाइन जीटी-आर आर३२ आणि माझदाची पहिली एमएक्स-५, दोन्ही १९८९ च्या. त्यांच्या मागून आलेल्या होंडा इंटेग्रा टाइप आर, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी इव्होल्यूशन यांच्या सुरुवातीच्या गाड्याही आता पंचविशी ओलांडून गेल्या. अशी गाडी हाती आली की आधी मोठा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) आणि एक्झॉस्ट खुणावतात. पण तुम्हाला ती रोज सकाळी चालू व्हायला हवी असेल, तर हा क्रम उलटा करा. ताकद सगळ्यात शेवटी.

आधी पत्रा. इंजिन उतरवून नव्याने बांधता येतं, सांगाडा कुजला की काम हाताबाहेर जातं. पहिल्या एमएक्स-५ मध्ये कापडी छताचं पाणी सीटच्या मागून नळ्यांवाटे खाली जातं. त्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पट्टीत साचतं आणि पत्रा आतून खातं. स्कायलाइनमध्ये पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तो भाग नीट बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा: चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला किंवा लांबी भरलेला बद्द वाजतो. गंज सापडला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करा. वरून रंग मारून झाकलेला गंज आत वाढतच राहतो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो याची मोजणी. इंजिन गरम करा, इग्निशन आणि इंजेक्टर बंद करा, सगळे स्पार्क प्लग काढा, प्लगच्या जागी कॉम्प्रेशन मीटर लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवा. आकडे एकमेकांपासून साधारण १० टक्क्यांच्या आत हवेत. एखादा कमी भरला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलकडे) बघा. माझदा आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनाला मात्र वेगळा मीटर लागतो.

आता खरं काम: रबर. ते किलोमीटरने कमी आणि वयाने जास्त मरतं, म्हणून ‘गाडी फार कमी चाललीय’ या वाक्यावर भुलू नका. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी बदला, कारण तिघांसाठी उघडावं लागतं ते तेच. निसानचं आरबी२६, मित्सुबिशीचं ४जी६३, इंटेग्रा टाइप आरचं बी१८सी ही अशी इंजिनं आहेत की बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बेल्ट आधी कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा.

पाण्याचे होज बदलताना सगळे बदला. मी रेडिएटरचे दोन मोठे होज नवे घातले आणि इंजिनामागचे, हीटरकडे जाणारे दोन छोटे तसेच ठेवले. तिथे हात पोचत नव्हता. पुढे त्यातलाच एक ऐन ट्रॅफिकमध्ये फुटला. तापमानाच्या काट्याकडे लगेच लक्ष गेलं म्हणून हेड गॅस्केट वाचलं.

सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश बदलताना एक चूक सर्रास होते. रबरी बुश आतल्या-बाहेरच्या धातूच्या नळ्यांना चिकटलेला असतो. तो फिरत नाही, पिळतो. चाकं लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळले, की गाडी खाली घेताच बुश पिळला जातो, पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून गाडी भक्कम स्टँडवर असताना बोल्ट फक्त बसवून घ्या. मग ती रॅम्पवर चढवून सगळं वजन चाकांवर येऊ द्या, दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा. शेवटी व्हील अलाइनमेंट.

ब्रेकचे होज, कॅलिपरची सीलं आणि ब्रेक ऑइल नवं हवं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी ते बदला. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी खोल दिसली तरी टायर जुना असू शकतो.

इंजिन मध्येच अडखळत असेल तर सेन्सर विकत घेण्याआधी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) उघडून बघा. १९९० च्या दशकातल्या मित्सुबिशींमध्ये त्यातले कपॅसिटर गळतात आणि त्यांचं द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातं. नाकाला मासळीसारखा वास येतो. वेळीच कपॅसिटर बदलले तर बोर्ड वाचतो. अर्थच्या वायरींची टोकं घासून लखलखीत करा; निम्म्या विजेच्या तक्रारी तिथेच मिटतात.

सुटे भाग मिळतील का, ही चिंता थोडी कमी झाली आहे. आर३२ जीटी-आरचे काही भाग २०१७ पासून निसानच्या निस्मो हेरिटेज योजनेत पुन्हा बनू लागले, आणि टोयोटाने ए७० व ए८० सुप्रासाठी जीआर हेरिटेज पार्ट्स सुरू केले. दारांची रबरं, क्लिपा यांसारख्या क्षुल्लक वस्तू आधी मागवा, गाडी अडते ती त्यांच्यावाचून.

हे सगळं झालं की अपग्रेड. चांगले ब्रेक पॅड, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, कंपनीच्या उंचीच्या जवळपास राहणारे दर्जेदार शॉक: रोजच्या वापरात याचंच सुख सगळ्यात जास्त. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायचाच असेल तर आधी टर्बो ओळखा. आर३२ आणि आर३३ जीटी-आरच्या मूळ टर्बोंमध्ये एक्झॉस्टकडचं चक्र सिरॅमिकचं आहे, आणि बूस्ट चढवला की ते तुटू शकतं. स्टीलच्या चक्राचे टर्बो बसवा, फ्युएल पंप तपासा आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मॅपिंग, म्हणजे ईसीयूची जुळवणी, करून घ्या.

काम संपल्यावर पहिले ५०० किलोमीटर घराच्या आसपासच चालवा. मग चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट पुन्हा तपासा आणि थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा.