दिव्यांग माणसासोबत सहल आखताय? या चुका टाळा

‘हो, आमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे.’ हे वाक्य मी आता उत्तर म्हणून धरतच नाही. माझी ताई व्हीलचेअर वापरते आणि आमच्या सहली मी आखते. पहिल्या मोठ्या सहलीत हॉटेलने फोनवर हेच सांगितलं होतं. पोचलो तर रॅम्प होता, लिफ्ट होती, खोलीचं दारही ऐसपैस होतं. बाथरूमचं दार मात्र 58 सेंटिमीटरचं आणि ताईची खुर्ची 64 सेंटिमीटरची. चार दिवस प्रत्येक वेळी तिला साध्या खुर्चीवर बसवून आत ओढत न्यावं लागलं. हॉटेलवाले खोटं बोलले नव्हते. त्यांच्या लेखी सोय म्हणजे रॅम्प आणि लिफ्ट. बाथरूमच्या दाराबद्दल मी विचारलंच नव्हतं.

‘सोय आहे का’ नको, ‘किती सेंटिमीटर’ विचारा

आधी घरची खुर्ची मोजा. रुंदी बैठकीची नको, चाकांच्या बाहेरच्या कडांची घ्या, कारण दारात अडकतात त्या कडाच. मग हॉटेलला बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी विचारा, म्हणजे दार पूर्ण उघडल्यावर मधे उरते ती जागा. अमेरिकेतल्या सुगम्यता मानकांनुसार ती किमान 32 इंच, म्हणजे सुमारे 81 सेंटिमीटर हवी. खुर्ची जागेवर फिरवायला साधारण 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नको. 15 सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी 180 सेंटिमीटर लांब रॅम्प लागतो. पायरीवर टाकलेली आखूड फळी म्हणजे रॅम्प नव्हे, तिच्यावरून खुर्ची मागे उलटू शकते.

आकडे फोनवर घेऊ नका, मोजपट्टी लावून काढलेले फोटो मागवा. चांगली हॉटेलं कुरकुर न करता पाठवतात, आणि जी पाठवत नाहीत तिथे मी आता बुकिंग करत नाही.

फोटोत दोन गोष्टी नीट बघा. एक, कमोडच्या कुठल्या बाजूला मोकळी जागा आहे. उजवा हात बळकट असलेल्या माणसाला बऱ्याचदा एकाच बाजूने सरकता येतं, आणि जागा दुसऱ्या बाजूला असेल तर भिंतीवरचे आधाराचे दांडे असूनही उपयोग नसतो. दोन, पलंगाखालची पोकळी. उचलून ठेवणारं हॉइस्ट वापरत असाल तर त्याचे पाय पलंगाखाली जावे लागतात आणि खालून बंद असलेल्या पलंगाखाली ते जातच नाहीत. आंघोळीला टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर, हेही विचारून घ्या.

आणखी एक घोळ बुकिंगचा. वेबसाइटवर सुगम खोलीवर केलेली खूण अनेकदा नुसती विनंती म्हणून नोंदली जाते. तीच खोली राखून ठेवली आहे असं लेखी मागा आणि निघण्याआधी दोन दिवस पुन्हा फोन करा.

विमानात चुकीचा कोड

तिकीट काढताना ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच सांगितलं की कंपनी बऱ्याचदा सगळ्यात सौम्य मदत नोंदवते. कोड तीन आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात आसनापर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत उचलून किंवा अरुंद खुर्चीवरून न्यावं लागतं. चुकीचा कोड पडला तर विमानाच्या दाराशी ना अरुंद खुर्ची असते ना उचलायला माणसं. तुमचा कोड नाव घेऊन सांगा आणि तिकिटावर दिसतोय का ते बघा. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार ही मदत मोफत आहे, पण किमान 48 तास आधी कळवावं लागतं.

विजेवर चालणारी खुर्ची असेल तर बॅटरीची माहिती आधीच कळवा. सुटी करायची लिथियम बॅटरी सहसा 300 वॉट-अवरपर्यंत चालते, खुर्चीला दोन असतील तर प्रत्येकी 160 पर्यंत. हा आकडा काढायला व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा: 24 व्होल्ट आणि 10 अँपिअर-अवर म्हणजे 240. काढलेली बॅटरी केबिनमध्येच न्यायची असते. कंपनीची परवानगी लेखी घ्या आणि तो कागद हाताशी ठेवा, कारण काउंटरवरच्या माणसाला नियम माहीत असेलच असं नाही.

दिसत नाही, म्हणून विसरलं जातं

व्हीलचेअर सगळ्यांना दिसते. ऐकू न येणाऱ्या माणसाने मात्र रिसेप्शनवर सांगितलं नाही, तर रात्री आगीचा अलार्म वाजून कुणी दार ठोठावून गेलं तरी त्याला कळणार नाही. लुकलुकणारा किंवा उशाखाली थरथरणारा अलार्म आधीच मागून ठेवा. दृष्टिहीन प्रवाशाने लिफ्टची बटणं आणि एसीचं नियंत्रण टचस्क्रीनचं आहे का, हे विचारावं. मार्गदर्शक कुत्रा न्यायचा असेल तर कागदपत्रं महिनोन्‌महिने आधी सुरू करा: काही देशांतून युरोपीय संघात कुत्रा नेताना रेबीजच्या लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि त्यानंतर 3 महिने थांबणं बंधनकारक आहे. ऑटिझम किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी 2016 साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झालेली सूर्यफुलाची फीत, म्हणजे न दिसणाऱ्या अडचणीची खूण म्हणून गळ्यात घालायचा सूर्यफुलांच्या चित्रांचा पट्टा, आता अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखली जाते. ती गळ्यात असली की दर वेळी कारण सांगत बसावं लागत नाही.

दिवसाचं वेळापत्रक ठासून भरू नका. प्रत्येक ठिकाणी चढ-उतार, शौचालय शोधणं आणि लिफ्टची वाट बघणं यात वेळ जातो. दिवसाला एकच मोठं ठिकाण धरा आणि ते कुठलं, हे त्या व्यक्तीला स्वतःला ठरवू द्या. मी सुरुवातीला सगळं परस्पर ठरवायचे आणि ताई मुकाट्याने यायची. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

खुर्ची मोडून आली तर

विमानात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. गादी, जॉयस्टिक, पाय ठेवायच्या पट्ट्या असं जे जे सुटतं ते केबिनमध्ये घ्या. खुर्ची कशी घडी करायची आणि कुठे धरून उचलायची नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून तिलाच बांधा. परत मिळाल्यावर विमानतळ सोडायच्या आत तिथेच बसून, चालवून बघा. नुकसान दिसलं तर लगेच काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्या. 1999 च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत करावी लागते. भरपाईला कमाल मर्यादा आहे आणि विजेच्या खुर्चीची किंमत ती सहज ओलांडते. म्हणून चेक-इनच्या वेळीच खुर्चीचं जास्तीचं मूल्य जाहीर करता येतं का ते विचारा, किंवा तिचा वेगळा विमा काढा.