नाशकात फ्लॅट बघताय? टेप घेऊन जा, आणि जमलं तर झडीच्या दिवसात जा

गेली दोन वर्षं आम्ही घर शोधत होतो. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड, मखमलाबाद, आडगाव, जेलरोड, रविवार आला की गाडी काढायची आणि निघायचं. शेवटी घर मिळालं. आता ऑफिसमधलं कोणीतरी दर आठवड्याला विचारतं की कसं बघितलंस, काय काय तपासलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी सॅम्पल फ्लॅट. तिथे मन घट्ट करून जा. लाइट छान, पडदे छान, फर्निचर मापात बसवलेलं, कधी आतले दरवाजेच काढलेले असतात त्यामुळे खोली मोठी वाटते. आम्ही एका ठिकाणी जवळजवळ टोकन देऊनच येणार होतो, इतकं आवडलं होतं. निघताना आई म्हणाली बेड मोजून बघ रे. मोजला तर 4 फूट रुंद! आपला नेहमीचा क्वीन साइज बेड 5 बाय साडेसहा फूट असतो. आता 10 बाय 10 ची बेडरूम धरा, साडेसहा फूट बेडची लांबी, समोरच्या भिंतीला 2 फूट खोल कपाट, उरलं दीड फूट, त्यात कपाटाचं दार उघडणार कुठे आणि माणूस चालणार कुठून. म्हणून 5 मीटरचा टेप खिशात ठेवा, प्रत्येक खोली स्वतः मोजा, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही कागदावर काढा. सेल्सवाला तोंड वाकडं करेल, करू द्या.

एरियाचंही तेच. बोलताना 950 स्क्वेअर फूट म्हणतात, पण तुम्ही फक्त रेरा कार्पेट (रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे मोजलेली आतली जागा) विचारा, तो चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो, त्याला 10.764 ने गुणा. म्हणजे कागदावर 58.4 असेल तर ते साधारण 628 स्क्वेअर फूट झालं. यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. दोन प्रोजेक्टची तुलना करायची तर एकूण किंमत भागिले कार्पेट करा, बाकीचे रेट विसरा.

महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्ट नंबर टाकून बघणं हे तर कराच, फुकट आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या प्रोजेक्टचे नंबर पी 516 ने सुरू होतात. तिथे पूर्ण करायची तारीख बघा, ती आधी किती वेळा पुढे ढकललीये ते बघा, किती फ्लॅट बुक झालेत, जमिनीवर काही केस चालू आहे का, मंजूर प्लॅन अपलोड केलाय का. आणि एक गोष्ट अगदी पक्की डोक्यात ठेवा, साठेखत (विक्रीचं ॲग्रीमेंट) रजिस्टर झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. एका ठिकाणी आम्हाला "आधी 20 टक्के भरा मग ॲग्रीमेंट करू" असं गोड बोलून सांगत होते, त्या दिवशी आम्ही उठून आलो.

जमिनीचे कागद वकिलाकडूनच बघून घ्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, एनए (बिनशेती) परवानगी, मालकीचा 30 वर्षांचा सर्च. वकिलाची फी वाचवू नका, एवढ्या मोठ्या व्यवहारात ती काहीच नाही. बिल्डरने दिलेला वकिलाचा रिपोर्ट वेगळा आणि आपला वकील वेगळा.

आता नाशिककरांसाठी खास. 19 सप्टेंबर 2008 चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, ऑगस्ट 2019 लाही गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता. गोदावरी, नासर्डी, वालदेवी, वाघाडी यांच्या जवळचं काही घेणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. निळी म्हणजे 25 वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या. महापालिकेच्या नगररचना विभागातून, राजीव गांधी भवनातून, त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढा. रिव्हर व्ह्यू छानच असतो, पण खालच्या मजल्यावरच्या लोकांना आणि पार्किंगच्या वॉचमनला विचारा की पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं. सोसायटीत महापालिकेचं पाणी किती वेळ येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का हे पण त्यालाच विचारा, तो खरं सांगतो.

आणि हो, 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यानंतर रेट कुठच्या कुठे जाणार, आत्ताच घ्या, असं प्रत्येक एजंट सांगतो. राहायला घर घेताय ना, मग या वाक्यावर घाई करू नका.

रेडी पझेशन किंवा रीसेल घेणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये, तीन-चार दिवस सलग झड लागल्यावर जा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत हाताने चाचपून बघा. आम्ही पाहिलेल्या एका फ्लॅटला नवा रंग दिलेला, सगळं चकाचक, पण मास्टर बेडरूममध्ये बाथरूमच्या लागून असलेल्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी बोटाला लागली, आणि कपाटामागे टॉर्च मारला तर पोपडे. मालक म्हणाले थंडीचं आहे. थंडीचं नसतं ते, ओल असते, आणि ती वरच्या मजल्याच्या बाथरूमची असेल तर तुम्ही कितीही वॉटरप्रूफिंग करा, वरचा माणूस तयार झाल्याशिवाय जात नाही. एकदा पावसात आणि एकदा एप्रिलच्या दुपारी चारला, निदान दोनदा बघा.

पैशाचं गणित लोक हमखास चुकतात म्हणून आकडे मांडून दाखवतो. अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट, किंमत 46 लाख. कर्ज 30 ते 75 लाखांच्या मधलं असेल तर बँक 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 9 लाख 20 हजार आपले. जीएसटी 5 टक्के म्हणजे 2 लाख 30 हजार. स्टॅम्प ड्युटी साधारण 6 टक्के धरा, 2 लाख 76 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. झाले 14 लाख 56 हजार, आणि यात अजून एक स्क्रू पण घरात लागलेला नाही. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन बँक किमतीत धरत नाही हे लक्षात घ्या.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. आणि किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल तर जीएसटी 5 नाही, 1 टक्का लागतो, पण त्या 45 मध्ये बिल्डर पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस वगैरे जे घेतो तेही मोजलं जातं, त्यामुळे ब्रेकअप लेखी घ्या. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळालेला फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर जीएसटीच नाही. 50 लाख किंवा वर किंमत असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा कर) आपणच कापून भरायचा असतो, हे कोणी आठवण करून देत नाही.

इंटिरियर. माझं प्रामाणिक मत, किचन आणि एक कपाट करा आणि राहायला जा, बाकी सहा महिन्यांनी. राहिल्यावर कळतं ऊन कुठे येतं, चार्जिंगला प्लग कुठे हवा. सध्या सगळीकडे फॉल्स सीलिंग, प्रोफाइल लाइट आणि टीव्हीमागे फ्लूटेड पॅनल चाललंय. सीलिंगने पाच-सहा इंच उंची जाते, आधीच छत खाली असेल तर खोली दबते. फ्लूटेडच्या खाचांत धूळ बसते, पाथर्डी फाट्याला आसपास बांधकामं चालू असताना आम्ही रोज पुसतोय. ओपन किचन दिसायला सुंदर, पण लाल मिरचीची फोडणी बसली की सोफ्यावरच्या पाहुण्याला ठसका. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळदीचा डाग वेळीच पुसला नाही तर राहतो, गरम कुकर थेट ठेवायचा नाही. आपला काळा ग्रॅनाइट मला अजूनही बेस्ट वाटतो.

प्लायवर मात्र तडजोड नको. सिंकखालचे बॉक्स बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडमध्येच, शीटवर आयएस 710 चा शिक्का स्वतः बघा, कटिंग व्हायच्या आधी. नंतर लॅमिनेट लागलं की आत काय आहे कोणाला कळत नाही. ओट्याची उंची मिस्त्रीच्या अंदाजाने ठेवू नका, जी व्यक्ती रोज पोळ्या लाटणार तिला उभं करून कोपराच्या खाली चार बोटं माप घ्या. आईसाठी 32 इंच बसलं, बायकोला 34 हवं होतं, मग गॅसचा भाग 32 आणि सिंकचा 34 केला, दोघी खूश आहेत.

चावी घेताना एक बादली आणि चेंडू घेऊन जा. बाथरूममध्ये, बाल्कनीत, ड्राय बाल्कनीत बादलीभर पाणी ओता, जाळीकडे जातंय की दाराकडे ते बघा, आणि चेंडू टाइल्सवर सोडा, उतार कळतो. प्रत्येक प्लगला मोबाइलचा चार्जर लावून बघा, सगळे नळ एकदम चालू करा. जे चुकलंय ते त्याच दिवशी लिहून, फोटो लावून ईमेल करा. पझेशनपासून 5 वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, रेरात तसं लिहिलंय. आमच्या टेरेसच्या कोपऱ्यातली गळती या ईमेलमुळेच दुरुस्त झाली, तोंडी चार महिने नुसतं "माणूस पाठवतो" चाललं होतं.