गंजातला (पातेल्यातला) कॉफी केक: या चुका टाळा

पहिली चूक नावातच होते. अमेरिकेत ज्याला कॉफी केक म्हणतात, त्यात बहुतेक वेळा कॉफी नसतेच. कॉफीसोबत खायचा तो केक; वरून मैदा, साखर, लोणी आणि दालचिनीचा भुगा. जर्मन घरांतला स्ट्रॉयसलकूखनही असाच भुग्याचा. इंग्लंडमधल्या कॉफी-अक्रोड केकात मात्र खरोखर कॉफी पडते. आधी कोणता करायचा ते ठरवा, मग सामान काढा.

खेड्यात सगळ्यात जास्त बिघडतो तो भुगा. ओव्हनमध्ये वरूनही आच लागते, म्हणून तो खरपूस होतो. आपल्या गंजात आच खालूनच. वरचा भुगा पांढराच राहतो, झाकणाची वाफ खाऊन गिच्च होतो. मी कित्येकदा आच वाढवून पाहिली; बूड जळलं, भुगा तसाच. शेवटी उपाय सापडला तो हा: अर्धी वाटी मैदा, पाव वाटी साखर, तीन चमचे लोणी आणि दालचिनी बोटांनी चोळायची आणि कढईत मंद आचेवर बदामी होईस्तोवर परतायची. केक मधोमध धरला, की शेवटच्या दहा मिनिटांत हा भुगा वरून पसरायचा. आधी टाकला तर ओल्या पिठात बुडतो. वैशाखात लोणी हातातच वितळतं, तेव्हा वाटी आधी माठातल्या पाण्यात ठेवा.

केक मधून बसला तर दही-सोड्याकडे बघा. आपल्याकडच्या उन्हात दही दुपारपर्यंत आंबट होतं. आंबट दही आणि सोडा भेटले की लगेच फसफसतात, म्हणून पीठ कालवून ठेवू नका. गंज आधी दहा मिनिटं तापवा आणि मगच सोडा घाला. दोन वाट्या मैद्याला अर्धा छोटा चमचा पुरे, जास्त झाला की साबणासारखी चव येते. जुना सोडा लिंबाच्या थेंबाने तपासा, फेस आला नाही तर फेकून द्या.

कुकर वापरत असाल तर शिटी आणि रिंग काढाच. रिकामा कुकर तासभर तापवणं मला पटत नाही, जाड बुडाचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज बरा. तळाला बोटभर वाळू, वर चाळणी, आणि पहिली पस्तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही.

इंग्लंडसारखा केक करणाऱ्यांसाठी: चिखलदऱ्याची दळलेली कॉफी पिठात घालू नका, ती विरघळत नाही, दाताखाली कचकच लागते. तिचा घट्ट काढा करून गाळा, तेवढंच दूध कमी करा. अक्रोड महाग पडतात. मी मेळघाटची चारोळी घालते, मला तीच जास्त आवडते.

दालचिनीऐवजी संत्र्याची साल किसणार असाल तर नारिंगी भागच घ्या, पांढरा कडू लागतो.