जर्मनीत राहायला गेल्यावर पत्त्याची नोंदणी कशी करावी

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा जोडीदाराकडे राहायला म्हणून ‘डी’ (म्हणजे तीन महिन्यांहून जास्त मुक्कामाचा) व्हिसा घेऊन जर्मनीत पोचलेल्या माणसाचं पहिलं सरकारी काम म्हणजे राहत्या पत्त्याची नोंदणी. तिला तिथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. 1 नोव्हेंबर 2015 पासून यासाठी देशभर एकच कायदा आहे आणि तो फक्त परदेशी लोकांसाठी नाही. घर बदललं की जर्मन माणसालाही हेच करावं लागतं. मुदत दोन आठवड्यांची. ही नोंदणी नसेल तर कर क्रमांक मिळत नाही, निवास परवान्याचं काम पुढे सरकत नाही आणि बऱ्याच बँका खातं उघडायला तयार होत नाहीत.

दोन आठवडे मोजायचे ते घरात राहायला गेल्याच्या तारखेपासून, विमानातून उतरल्यापासून नाही. परदेशातून आलेला माणूस हॉटेलात किंवा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये उतरला असेल, तर तीन महिन्यांपर्यंत त्याच्यावर नोंदणीची सक्ती नसते. पण तेवढे दिवस कर क्रमांकही लटकून राहतो, तेव्हा या सवलतीवर फार विसंबू नका. उलट बाजूनं, घर ताब्यात यायच्या आधी नोंदणी करून ठेवू म्हटलं तर तेही चालत नाही.

अनामत देण्याआधी विचारायचा प्रश्न

सगळं काम एका कागदावर अडतं. त्याचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेस्टेटिगुंग’, म्हणजे ही माणसं माझ्या घरात राहायला आली आहेत असं घर देणाऱ्यानं सहीनिशी लिहून दिलेलं पत्र. पुण्या-मुंबईत नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार दाखवला की पुढची बरीच कामं होतात. त्या सवयीनं लोक इथेही भाडेकरार घेऊन खिडकीवर जातात आणि परत पाठवले जातात. करार कितीही पक्का असला तरी तो या पत्राच्या जागी चालत नाही.

पत्रात इतक्या गोष्टी हव्यात:

- घर देणाऱ्याचं नाव आणि त्याचा पत्ता. तो स्वतः मालक नसेल तर मालकाचंही नाव
- घराचा पूर्ण पत्ता
- राहायला आल्याची तारीख
- राहायला आलेल्या प्रत्येकाचं नाव, लहान मुलांसकट

कोरा नमुना बहुतेक शहरांच्या संकेतस्थळावर मिळतो. तो छापून घरमालकासमोर ठेवला की सही लवकर होते.

शेअर फ्लॅटमध्ये एखादी खोली घेतली असेल, तर मूळ भाडेकरूही हे पत्र देऊ शकतो, कारण तुमच्यापुरता घर देणारा तोच. मात्र पोटभाडेकरू ठेवायला त्याला मालकाची परवानगी असावी लागते, आणि खरी गोची इथेच होते. परवानगी नसलेला माणूस ‘खोली देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असं सांगतो. परीक्षेच्या किंवा रुजू होण्याच्या घाईत असलेला विद्यार्थी मान डोलावतो आणि महिनाभरानं अडकतो. म्हणून अनामत रक्कम पाठवण्याआधी सरळ लेखी विचारा: या पत्त्यावर नोंदणी होईल ना? उत्तर गुळमुळीत आलं तर ती खोली सोडून द्या, भाडं कितीही कमी असो.

राहायला गेल्यावर मालक सही द्यायला टाळाटाळ करत असेल, तर गप्प बसू नका. पत्र देणं त्याच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. मागणी ईमेलनं करा आणि तरीही मिळालं नाही तर नोंदणी कार्यालयाला तसं लगेच कळवा. तुमच्या बाजूनं उशीर झाला नाही, हे त्यातून दिसतं. उशिराचा दंड 1,000 युरोपर्यंत असू शकतो.

पैसे घेऊन नुसता पत्ता वापरायला देणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. प्रत्यक्ष राहायचं नसताना नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि खोटी नोंद पुढे निवास परवान्याच्या वेळी तुमच्याही अंगाशी येते.

वेळ घेणं आणि सोबतचे कागद

नोंदणी ‘ब्युर्गरआम्ट’ म्हणजे नागरिक कार्यालयात होते. मोठ्या शहरांत आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये जाता येतं, त्यामुळे फक्त घराजवळचं कार्यालय धरून बसू नका. रद्द झालेल्या वेळा दिवसभरात पुन्हा दिसू लागतात. दोन आठवड्यांच्या आतली वेळ मिळालीच नाही तर पुढची मिळेल ती घ्या आणि तिची पोच जपून ठेवा.

सोबत न्यायचे कागद मोजकेच: व्हिसा असलेला मूळ पासपोर्ट, घर देणाऱ्याचं पत्र आणि भरलेला नोंदणी अर्ज. एकत्र राहायला आलेल्या कुटुंबाला एकच अर्ज चालतो, पण परदेशातून पहिल्यांदाच येणाऱ्यांना बरीच कार्यालयं सगळ्यांसकट बोलावतात. वेळ घेतानाच ते विचारून घ्या. विवाहित असाल तर विवाह नोंदणी दाखला आणि मुलांचे जन्मदाखले न्या. महापालिकेचा मराठी दाखला तिथे कुणाला वाचता येणार नाही, तेव्हा शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घ्या. दाखला नसला तरी पत्ता नोंदला जातो, पण लग्नाची नोंद होत नाही आणि पगारावर एकट्या माणसाच्या वर्गानं कर कापला जातो. जोडीदार अजून भारतातच असेल तर दाखला असूनही साधारण हाच वर्ग लागतो, त्यात कार्यालयाची चूक नसते.

खिडकीवरचा कारभार जर्मनमध्ये चालतो. इंग्रजी बोलणारा कर्मचारी भेटला तर नशीब. नाहीतर जर्मन येणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या.

अर्जातल्या दोन जागा जपून भरा

पहिली नावाची. मराठी माणसाच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. पासपोर्टवर जसं आहे तसंच आणि त्याच क्रमानं लिहा. ‘मधलं नाव’ म्हणून काही गाळू नका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर पूर्ण नाव आडनावातच नोंदलं जाण्याची शक्यता असते. मग बँक, विमा, विद्यापीठ या सगळीकडे तेच रूप वापरावं लागतं.

दुसरी जागा धर्माची. इथे रोमन कॅथलिक किंवा एव्हांगेलिश (म्हणजे प्रोटेस्टंट) अशी नोंद झाली की पगारातून चर्चकर सुरू होतो: बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्ह्युर्टेमबर्ग या राज्यांत आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. गोव्यातल्या किंवा वसईतल्या कॅथलिक वाचकांनी हे आधीच जाणून घ्यावं. नंतर हा कर थांबवायचा तर चर्चचं सदस्यत्व सोडल्याची सरकारी नोंद करावी लागते; चर्चला नुसतं पत्र पाठवून भागत नाही. हिंदू, बौद्ध, मुस्लिम अर्जदारांना या कराचा संबंध येत नाही.

काम झालं की हातात पुष्टीपत्र मिळतं. खिडकीवरून उठण्याआधी ते वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारखेतला दिवस-महिना, घर क्रमांक आणि राहायला आल्याची तारीख तपासा. चूक तिथल्या तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते, नंतर पुन्हा वेळ घेऊन खेटे घालावे लागतात. बँकेनं किंवा इतर कुणी वेगळा ‘मेल्डेबेशाइनिगुंग’ म्हणजे पत्ता नोंदलेला असल्याचा दाखला मागितला तर त्याला सहसा थोडं शुल्क पडतं. नोंदणीचं हे पुष्टीपत्र मात्र फुकट असतं.

टपालपेटीवर नाव लावा, त्याच दिवशी

जर्मन पत्त्यात रस्ता आणि घर क्रमांक असतो, फ्लॅट क्रमांक बहुधा नसतो. एका क्रमांकाच्या इमारतीत वीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव बघतो. नाव दिसलं नाही की पत्र परत.

आणि यानंतर येणारी पत्रं महत्त्वाची असतात. पहिल्या नोंदणीनंतर केंद्रीय कर कार्यालय अकरा अंकी कर ओळख क्रमांक आपणहून पाठवतं, त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. हा क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. जादा कापलेली रक्कम पुढे परत मिळते, पण पहिल्या महिन्यांत हात आखडतो. पत्र हरवलं तर क्रमांक फोनवर किंवा ईमेलवर सांगत नाहीत. नव्यानं मागावा लागतो आणि तोही टपालानंच येतो. म्हणून नाव नोंदणीत जसं आहे तसं, ठळक अक्षरांत, पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर चिकटवा. दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली तुमचं नाव लावायची परवानगी मागून घ्या.

काही आठवड्यांनी आकाशवाणी-दूरदर्शन शुल्काचं पत्र येतं, महिना 18.36 युरोचं. घरात टीव्ही नाही म्हणून ते कचऱ्यात टाकू नका. शुल्क घरटी आहे, माणसामागे नाही, आणि टीव्ही असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क क्रमांक कळवा, विषय संपला. दुर्लक्ष केलं तर राहायला आल्यापासूनची थकबाकी आणि वर दंड असा तगादा लागतो.

घर बदललं किंवा देश सोडला तर

जर्मनीतल्या जर्मनीत घर बदललं की नव्या पत्त्यावर पुन्हा दोन आठवड्यांत नोंदणी. जुन्या घराची नोंद वेगळी रद्द करावी लागत नाही. निवास परवान्याचं कार्ड सोबत न्या, त्यावर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावली जाते. शहर बदललं असेल तर तुमची फाइल नव्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाते. परवान्याची मुदत संपत आली असताना घर बदलणाऱ्यांनी हा वेळ हिशेबात धरावा.

कायमचं परतायचं ठरलं तर नोंद रद्द करणं सक्तीचं आहे: निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. रद्द केल्याचं पत्र घेतल्याशिवाय विमानात बसू नका. आकाशवाणी-दूरदर्शन शुल्क बंद करायला आणि जिम किंवा इंटरनेटचे करार मोडायला तेच मागतात, आणि भारतात बसून ते मिळवणं जिकिरीचं आहे.