मालवणात बसायचंय? घड्याळाआधी वार बघा

चौदा वर्षं मी मालवणच्या बाजारपेठेतल्या एका परमिट रूमच्या काउंटरवर उभा होतो. गुडघे बोलायला लागले तेव्हा सोडलं. आता घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. दर दुसरा पाहुणा बॅग ठेवतो न ठेवतो तोच विचारतो, "काका, बसायला चांगली जागा कुठली?"

जागा पाच-सहा बऱ्या आहेत. पण शनिवारी रात्री नऊ वाजता त्यांतली एकही बरी नसते. म्हणून मी जागा सांगायच्या आधी विचारतो, कधी जाणार?

माझी वेळ पावणेसात. ऐकून लोक हसतात, "एवढ्या लवकर?" अहो, इथल्या बारचा धंदा बाटलीवर चालत असला तरी संध्याकाळ चांगली जाते ती मासळीवर. मालवणच्या जेटीवर मासळीचा लिलाव संध्याकाळी लागतो. तिथून टोपली रिक्षात पडते, किचनच्या मागच्या दाराशी उतरते, साफ होते, मीठ, हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा अर्क, लागून थोडी मुरते. पावणेसात-सातला पहिला तवा चढतो. तेल नवं, रवा कोरडा, आचारी अजून कोणावर ओरडलेला नाही. त्या तव्यावरचा बांगडा आणि साडेनऊच्या तव्यावरचा बांगडा यांत जमीन-अस्मानाचा फरक. नऊनंतर तेल काळं झालेलं असतं, आधीच्या तीस तुकड्यांचा जळका रवा त्यात तरंगत असतो आणि तोच तुमच्या सुरमईला चिकटून ताटात येतो.

बिअरचंही तसंच. दुपारी भरलेल्या बाटल्या सातला गारेगार असतात. आठनंतर गर्दी वाढली की फ्रिजचं दार मिनिटाला उघडतं, संपलेल्या रांगेत गोदामातल्या बाटल्या घुसतात. मग वेटर ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली आणतो आणि "एकदम चिल्ड" म्हणतो. फडकं गार असतं, बिअर नाही. हे मी स्वतः शेकडो वेळा केलंय.

पेगचं सांगतो. काउंटरवरचा माणूस सातला माप भरतो तेव्हा ग्लासात उपडं करून शेवटचा थेंब पडेपर्यंत क्षणभर थांबतो. साडेनऊला समोर आठ वेटर हात पुढे करून उभे असतात, तेव्हा तो क्षण जातो. मनात पाप नसतं, पण तीस मिलीचे सत्तावीस होतात.

सगळ्यात मोठा फायदा वेगळाच. सातला तुम्हाला खरं उत्तर मिळतं. आमच्याकडे एक रिटायर्ड एसटी कंडक्टर यायचे, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पावणेसातच्या ठोक्याला कोपऱ्यातलं टेबल. काउंटरकडे बघून एकच प्रश्न, "रे, ताजा काय हा?"

"मास्तरांनू, सुरमय नको, कालची हा. बांगडो खावा."

हे वाक्य मी साडेनऊला कोणालाही सांगितलेलं नाही. सांगायला वेळच नसायचा. त्या वेळी मेन्यू कार्डावरचं सगळं "फ्रेश आहे सर".

पर्यटक या वेळी कुठे असतो? रॉक गार्डनला सूर्यास्ताचे फोटो काढत. तिथून तो लॉजवर जातो, आंघोळ करतो, पोरांना भरवतो आणि साडेआठला सगळा गाव एकदम बारच्या दारात उभा राहतो. सूर्यास्त बघायचाच असेल तर आदल्या दिवशी बघा. तो रोज होतो.

आता वार. पुण्या-मुंबईचा माणूस शुक्रवार-शनिवार धरून चालतो, आणि इथे तो फसतो. आमच्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. पुष्कळ घरांत त्या दिवशी ना मासा, ना पेला. मच्छीचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यामुळे बुधवारी बार गावकऱ्यांनी भरतो. खलाशी, कंत्राटदार, बँकेतले, सगळे. पगाराचा पहिला आठवडा असेल तर विचारूच नका. शुक्रवारी गावकरी अधिक पर्यटक. शनिवारी गावकरी कमी, पण पर्यटकांच्या गाड्या गल्लीत आडव्या.

चार मित्रांना गप्पा मारायच्या असतील तर सोमवार किंवा गुरुवार. टेबल हवं ते, टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला तर होतो, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून बाजारात मासळीचा भावही जरा नरम असतो. गावाचा रंग बघायचा असेल, शेजारच्या टेबलावरचा ट्रॉलर, डिझेल आणि राजकारणाचा वाद ऐकायचा असेल, तर बुधवार. मास्तर मात्र गुरुवारीही यायचे. "दत्ताक सांगान इलंय," म्हणायचे.

महिन्यांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. लोक डिसेंबर सांगतात. मी ऑगस्ट सांगतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कार्डावर पापलेट-सुरमई दिसली तर ती बर्फातली आहे हे धरून चाला. तेव्हा कुर्ल्या, खाडीची मासळी, नाहीतर सरळ सुका बोंबील भाजून मागवा. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, टेबलावर मेणबत्ती आणि भाजलेला बोंबील, यात वाईट काही नाही. पण 1 ऑगस्टनंतर वारा पडला की होड्या बाहेर पडतात, कोळंबी येते, आणि नेमका तेव्हाच श्रावण लागलेला असतो. गावातल्या निम्म्या लोकांनी गणपतीपर्यंत सोडलेली. म्हणजे मासळी नवी आणि टेबलं रिकामी! असा योग वर्षात एकदाच. फक्त फोन करून जा. श्रावणात काही मालक आचाऱ्याला गावी पाठवतात आणि भिंतींना रंग काढतात.

श्रावणाच्या आदली अमावास्या, म्हणजे गटारी, त्या रात्री मात्र लांब राहा. सोडणारे सगळे एकाच रात्रीत महिन्याचा हिशेब पुरा करायला आलेले असतात. मी चौदा गटाऱ्या काउंटरच्या आतून बघितल्यात, पुरे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचंही तसंच. तिची तारीख कॅलेंडरवर छापून येत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्यामुळे खोली बुक करण्याआधी चौकशी करा. त्या दोन दिवसांत चाकरमानी लाखांनी येतात, बसायला टेबल सोडाच, गाडी उभी करायला जागा नसते. 31 डिसेंबरला सरकार बारची वेळ वाढवून देतं, आचाऱ्याचे हात वाढवून देत नाही.

ड्राय डे बघायला विसरू नका. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे सगळ्यांना पाठ असतात. फसवतात त्या निवडणुका. मतदान संपायच्या वेळेआधीचे 48 तास बंद. 2024 च्या नोव्हेंबरात माझा साडू ठाण्याहून आला. सुट्टी, जुन्या आठवणी, सगळं जमून आलेलं. सोमवार, तारीख 18. मी त्याला सगळं तत्त्वज्ञान सांगत पावणेसातला, अगदी ठोक्याला, माझ्याच जुन्या बारच्या दारात नेलं. शटर अर्धं खाली. 20 तारखेला विधानसभेचं मतदान होतं आणि सहापासून बंदी लागलेली. चौदा वर्षं एक्साइजच्या नोटिसा भिंतीला चिकटवणारा माणूस मी! मालकाने आम्हाला दोन ग्लास सोलकढी दिली, पैसे घेतले नाहीत. साडू ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो.

"मग गोव्यातून दोन बाटल्या आणून ठेवू," असं त्याच्या डोक्यात आलंच. परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी नाका आहे. मार्च ते मे या काजूच्या हंगामात उर्राक (काजूच्या बोंडांची दारू) प्यायचा असेल तर गोव्यातच बसून प्या, मुक्काम तिथेच करा.

तरुण मंडळींसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला 21 पूर्ण लागतात, बाकी दारूला 25. सातला काउंटरवाल्याला आधार कार्ड बघायला भरपूर वेळ असतो. तेवीसचे असाल तर बिअरच मागा.

उठायची वेळ बसण्याआधीच ठरवा. आमच्यासारख्या गावात दहानंतर रिक्षा मिळेल याचा भरवसा नाही. येताना आणलेल्या रिक्षावाल्यालाच सांगा, "नऊला या," आणि त्याचा नंबर घ्या. तारकर्ली-देवबागला राहत असाल तर हे हवंच. तो रस्ता अरुंद, कडेला माडांचे बुंधे, आणि पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तरी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

नऊला उठल्यावर बहुतेकांना वाळूत जाऊन बसायची हुक्की येते, त्यातून पौर्णिमा असली तर जास्तच. तेव्हा आमच्या दर्यावर्दी लोकांचा हिशेब लक्षात ठेवा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे तुम्ही चांदण्यात चप्पल काढून आडवे झालात की तासा-दोन तासांत उधाणाची भरती पायाशी. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचे चार पाहुणे असेच चिवल्याच्या किनाऱ्यावर झोपले. माणसं उठली. तीन चपला आणि एक मोबाइल मिळाला नाही. बसायचंच असेल तर अष्टमीच्या आसपास बसा. तेव्हा भरती सहाला येऊन जाते आणि नऊला पाणी लांब गेलेलं असतं.

परवाच गुरुवारी मी स्वतः गेलो होतो. सव्वासहाला निघालो, दोन पेग, एक बांगडा, थोडी कोळंबी, नऊला बिल. दारातून बाहेर पडत होतो तेव्हा एमएच बाराची गाडी येऊन थांबली. आतून सहा जण उतरले, केस अजून ओले. वेटरने माझ्या टेबलावरची पानं उचलली, फडकं मारलं आणि त्यांना म्हणाला, "या सर, सगळं फ्रेश आहे."